गुण मिळतात, पण बोलता येत नाही

प्रश्न : माझ्या वर्गातील मुलांना इंग्रजीच्या लेखी परीक्षेत चांगले गुण मिळतात, मात्र साधा प्रश्न विचारला तरी ती गप्प होतात. दोष शिकवण्यात आहे की परीक्षेत?
– एक शिक्षिका

उत्तर : माझ्या मते आधी परीक्षेत, कारण जे तपासले जाते तेच मुले घोकतात. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक आराखड्यात ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या असून, त्यांची वर्णने शिकणाऱ्याला त्या भाषेत काय करता येते, या अंगाने केलेली आहेत. तुम्हीही रोज तीन-चार मुलांशी दोन-दोन मिनिटे बोलून नोंद ठेवलीत, तर काही आठवड्यांत सारा वर्ग तोंडी तपासून होईल. ‘ही गो टू स्कूल’ म्हणणाऱ्या मुलाला मध्येच तोडू नका. ‘येस, ही गोज टू स्कूल. अँड यू?’ असे विचारून योग्य रूप त्याच्या कानावर पडू द्या. अर्थ पोहोचल्याचे गुण वेगळे, अचूकतेचे वेगळे ठेवा आणि हे निकष मुलांना आधीच सांगा. सुरुवातीच्या नोंदी मात्र कृपया गुणपत्रिकेत धरू नका; मुलांची भीड आधी चेपू द्या.