कच्च्या कैद्यांसाठी इमारत काढायची तर सुरुवात कुठून?

प्रश्न : मी कोल्हापुरातच आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, थिसिसला आधुनिक डिटेन्शन सेंटर, म्हणजे कच्च्या कैद्यांना ठेवायचं जेल, घेतलंय. घरचे म्हणतात कैद्यांना कसलं आलंय डिझाइन, चार भिंती उभ्या केल्या की झालं. मीही उंच कंपाउंड आणि मधे पहाऱ्याचा टॉवर काढून बसलेय, पुढं सुचत नाहीये. काय करू?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : अगं विषय अजिबात सोडू नकोस. घरच्यांना आधी हे सांग की आपल्या देशात जेलमधल्या दर ४ माणसांतले ३ कच्चे कैदी आहेत, एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, २०२२ ची आकडेवारी आहे ही, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा कोर्टात अजून सिद्धच झालेला नाही. तारखेची वाट बघत बसलेल्या माणसासाठी तू इमारत काढतेयस, त्याला शिक्षा द्यायचं काम भिंतींनी करायचं नाही.

टॉवरची पद्धत फार जुनी. अंदमानचं सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ मध्ये बांधलं, मधे टॉवर, भोवती ७ विंग, आणि प्रत्येक कोठडीसमोर दुसऱ्या विंगची पाठ, कैद्याला कैदी दिसूच नये म्हणून. आता अमेरिकेतल्या शिकागोचं डिटेन्शन सेंटर बघ, आर्किटेक्ट हॅरी वीझ यांनी केलेलं, १९७५ चं, भर शहरात त्रिकोणी उंच इमारत, व्यायामाचं अंगण गच्चीवर, खिडक्या लांब उभ्या पण रुंदी फक्त ५ इंच, एवढ्याशा फटीतून माणूस निघणार नाही म्हणून मूळ डिझाइनमध्ये गज नव्हतेच. आतल्याला आकाश दिसावं, गजाआडून नाही, हा विचार! पण २०१२ ला तिथून दोघं खिडकीपाशी भिंत फोडून चादरींचा दोर करून पळाले, तेव्हा नुसत्या मापावर विसंबू नकोस, माणसाचं लक्ष हवंच.

म्हणून आधी पहारेकऱ्याची खुर्ची काढ. नव्या पद्धतीत तो काचेच्या केबिनमध्ये नसतो, कैद्यांच्याच हॉलमध्ये बसतो, कडेनं खोल्या, आणि त्या एका जागेवरून सगळी दारं दिसली पाहिजेत, एखादा खांब किंवा जिना आडवा आला तर तिथंच भांडणं होतात. पहारेकरी असा जवळ असला की नुसत्या बोलण्यानंच बऱ्याच कटकटी मिटतात.

आणि साइट, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऑस्ट्रियात लेओबेनला कोर्ट आणि जेल एकाच आवारात आहे. आपल्याकडं कळंबा जेल एका टोकाला आणि जिल्हा न्यायालय कसबा बावड्याकडं दुसऱ्या टोकाला, तारखेला न्यायचं म्हणजे गाडी आणि पोलीस बंदोबस्त, ते जुळलं नाही की तारीख लांबते, आणि गगनबावड्याहून मुलाकतीला आलेल्या म्हातारीचा अख्खा दिवस जातो. कोर्टाजवळची जागा घे. मुलाकतीची खोली तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला ठेव, बाहेर बसायला सावली, पाणी, बाईमाणसाला संडास, हे सगळं पहिल्याच शीटवर दाखव.