एनडीएची, म्हणजे बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेची, तयारी करतोयस ना, मग हे वाच
भावा, सगळे गणितामागेच पळतात, पण गणित ३०० मार्कांचं आणि जीएटी (इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाचा पेपर) ६०० चं, त्यातलं इंग्रजीच २०० चं आहे, आपली मराठी मीडियमची पोरं तिथंच मार खातात. रोज थोडं वाच, चुकलेले शब्द वहीत लिही. आणि तुक्के मारू नकोस, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांच्या एक तृतीयांश मार्क कापले जातात, मी पहिल्या अटेम्प्टला तसेच घालवले.

लेखी निघालं की खरी गंमत एसएसबीत, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि इंटरव्ह्यूत, तेही ९०० चंच. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग, चित्र दाखवतात, गोष्ट लिहायची, मग ग्रुपमध्ये चर्चा, तिथं सगळे एकदम ओरडतात आणि मी पण ओरडलो, संध्याकाळी बॅग घेऊन परत! दुसऱ्या वेळी शांतपणे दोनच मुद्दे बोललो, राहिलो. वर्ड टेस्टला शब्द दाखवतात, त्यावर वाक्य लिहायचं, ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, त्यात क्लासची पाठ केलेली वाक्यं टाकू नकोस, पुढं इंटरव्ह्यूत तू वेगळाच निघतोस आणि त्यांना ते लगेच कळतं. पळायचं आजपासूनच चालू कर. आणि दात, कान, डोळे आत्ताच दाखवून घे, मेडिकलला कानातल्या मळावरून पण थांबवतात बरं का.