विकसनशील देश पर्यावरणासाठी खरंच काही करतात, की फक्त प्रदूषणात भर घालतात?

करतात, आणि बऱ्याचदा श्रीमंत देशांना जमलं नाही ते करतात. भारताचा एलईडी बल्ब घ्या. 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनी ईईएसएलने लाखो बल्बांची एकगठ्ठा निविदा काढली. एवढी मोठी ऑर्डर मिळणार म्हटल्यावर कंपन्यांनी भाव पाडले. 2014 च्या सुरुवातीला ईईएसएलला ₹310 ला पडणारा बल्ब 2016 मध्ये तिला ₹38 ला मिळू लागला. लाइट बिल दाखवायचं, बल्ब घ्यायचे. काही ठिकाणी तर हप्ते बिलातूनच वळते व्हायचे. 60 वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी 9 वॉटचा आला. असे 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण इथे लोकांना उपदेश केला नाही, वस्तू परवडेल अशी केली.

ब्राझीलने तर ॲमेझॉनची जंगलतोड 2004 मधल्या सुमारे 27,700 चौरस किलोमीटरवरून 2012 पर्यंत 4,600 च्या आत आणली. उपग्रहाने तोड दिसली की पथक पोहोचायचं, आणि नियम मोडणाऱ्यांची कर्जं अडवली जायची. पुढे सरकारचं लक्ष उडालं आणि तोड पुन्हा वाढली, हेही खरं.

कोळशाचं मात्र अजून अवघड आहे. भारताची बहुतांश वीज आजही कोळशावरच होते. सौरऊर्जा दिवसा मिळते, पण संध्याकाळी मागणी चढते तेव्हा साठवलेली वीज लागते, आणि त्या बॅटऱ्यांसाठी स्वस्त कर्ज हवं. विकसनशील देशांना अशा हवामानाच्या कामांत मदत म्हणून श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं होतं. ते दोन वर्षं उशिरा, 2022 मध्ये जमले.