कानांनी घेतलेली नावं, डोळ्यांनी घेतलेली नावं : ग्रीक वीर लॅटिनमध्ये

प्रश्न असा आहे : ग्रीक पुराणकथांतल्या वीरांच्या नावांवरून लॅटिनमध्ये कोणकोणते शब्द झाले? ओडिसियसचा यूलिसीस आणि हेराक्लीसचा हर्क्युलिस होताना नावं एवढी का बदलली? आणि डॉक्टर ज्याला ‘अकिलीस टेंडन’ म्हणतात तो शब्द खरंच रोमन लोकांचा आहे का?

शाळेत शिकलेली तत्सम-तद्भव ही जोडी इथे फार कामाची आहे. लॅटिननं ग्रीक नावं दोन खेपांत घेतली. पहिली खेप कानांनी आली : दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींकडून आणि रोमच्या उत्तरेला राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांच्या तोंडून. ही नावं झिजली, वळली, लॅटिनच्या घरची झाली. दुसरी खेप डोळ्यांनी आली. इ.स.पू. २४० मध्ये लिव्हिउस आंद्रोनिकुसनं रोममध्ये ग्रीक नमुन्यावरचं नाटक सादर केलं, त्याच्या आगेमागे ‘ओडिसी’चं लॅटिन भाषांतरही केलं, आणि तिथून पुढे रोमन कवी ग्रीक काव्य वाचून नावं जशीच्या तशी उचलू लागले. पहिली खेप म्हणजे तद्भव, दुसरी तत्सम. रोजच्या बोलण्यातले शब्द पहिल्या खेपेनं दिले. दुसरीनं मुख्यतः काव्यातली विशेषणं दिली. (लॅटिन शब्द पुढे प्राचीन उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.)

एकाच नावाची ही दोन्ही रूपं पाहायची असतील तर गानिमीडीस घ्या. हा ट्रॉयचा देखणा राजपुत्र. देवांचा राजा झ्यूस याचा गरुड त्याला उचलून नेतो. एट्रुस्कन भाषेत ग, द, ब हे घोष स्पर्श नव्हते. म्हणून ‘ग’चा ‘क’ झाला आणि ‘द’चा ‘त’. शिवाय त्या भाषेत आघात पहिल्या अक्षरावर पडे, त्यामुळे मधले स्वर गळले. झालं ‘कात्मिते’. लॅटिननं त्यावरून ‘कातामीतुस’ केलं. प्लाउतुस या रोमन विनोदी नाटककाराच्या ‘मेनाइख्मी’ या नाटकात भिंतीवरच्या चित्राचा उल्लेख येतो, गरुड कातामीतुसला पळवतो आहे असं चित्र. तिथे हे अजून विशेषनामच आहे. इ.स.पू. ४४ मध्ये वक्ता सिसेरो दुसऱ्या ‘फिलिपिक’ भाषणात आपला राजकीय शत्रू मार्क अँटनी याला हाच शब्द लावतो, पण आता ती शिवी आहे : पुरुषांच्या उपभोगाचा पोरगा. कवींना मात्र प्रतिष्ठित नाव हवं असे, तेव्हा ते पुस्तकातलं ‘गानिमेदेस’ वापरत. आपल्याकडे ‘गर्भिणी’ बाईसाठी राहिलं आणि ‘गाभण’ गाईम्हशींकडे गेलं, तसंच हे. तत्सम रूप आलं की तद्भवाची पत खालावते.

हेराक्लीसचं गणितही याच वाटेनं सुटतं. एट्रुस्कन आरशांवर त्याचं नाव ‘हेर्क्ले’ असं कोरलेलं मिळतं. मधला ‘आ’ गळलेला. लॅटिनला ‘क्ल’ हे जोडाक्षर जड जाई, म्हणून मध्ये ‘उ’ घातला : हेर्कुलेस. संस्कृत व्याकरणात याला स्वरभक्ती म्हणतात. जन्मचा जनम आणि रत्नचं रतन होतं ते असंच. ही खोड लॅटिनमध्ये सगळीकडे दिसते. आस्क्लेपिओसचा ‘आइस्कुलापिउस’ झाला, आल्क्मेनेची प्लाउतुसकडे ‘आल्कुमेना’ झाली, आणि अस्सल लॅटिन ‘पोक्लुम’ म्हणजे पेला, त्याचंही ‘पोकुलुम’ झालं. नावाच्या मध्ये असा उपरा ‘उ’ दिसला की ते नाव कानांनी आलेलं आहे हे जवळजवळ नक्की समजावं.

आता खरा ऐवज : शपथा. लॅटिन बोलीत या वीरांचा सर्वांत जास्त वापर इथे होतो आणि भाषांतर करणारे सर्वांत जास्त इथेच चुकतात. ‘हेर्क्ले’, ‘मेहेर्क्ले’, ‘मेहेर्कुले’, ‘मेहेर्कुलेस’ ही सगळी एकाच शपथेची रूपं. फेस्तुसच्या कोशाचा जो संक्षेप आपल्यापर्यंत आला आहे त्यात फोड दिली आहे : ‘इता मे हेर्कुलेस’, म्हणजे ‘तसा मला हेर्कुलेस’, आणि पुढचं ‘यूवेत’, म्हणजे ‘साहाय्य करो’, हे क्रियापद अध्याहृत. क्रियापद गळलं, उरलेलं आकसून एक शब्द झाला. ‘देवाच्या आणेनं सांगतो’ याचं ‘देवाच्यान’ होतं, अगदी तसंच. सिसेरो ‘ओरातोर’मध्ये सांगतो की त्याला ‘मेहेर्कुलेस’पेक्षा ‘मेहेर्कुले’ म्हणणं आवडतं. म्हणजे पूर्ण रूप उपलब्ध असतानाही जाणत्या वक्त्याच्या कानाला झिजलेलं रूपच गोड लागत होतं.

त्याच धर्तीवर कास्तोर आणि पोल्लुक्स या जुळ्या भावांवरून ‘एकास्तोर’, ‘मेकास्तोर’, ‘एदेपोल’ आणि नुसतं ‘पोल’. पोल्लुक्स हा ग्रीक पोलिदेउकेस. त्याचं जुनं लॅटिन रूप ‘पोलूकेस’ असं होतं.

या शपथा कोण घेतं यालाही नियम होता. दुसऱ्या शतकातला आउलुस गेल्लिउस ‘आत्तिक रात्री’ या ग्रंथाच्या ११व्या भागात स्पष्ट लिहितो की जुन्या चांगल्या लेखकांकडे बाई ‘मेहेर्क्ले’ म्हणताना सापडत नाही आणि पुरुष ‘मेकास्तोर’ म्हणताना सापडत नाही, ‘एदेपोल’ दोघांचंही. बायका हेर्कुलेसच्या यज्ञापासून दूर राहत, म्हणून त्याची शपथ घेत नसत, हे कारण तो देतो. पुरुष कास्तोरची शपथ का घेत नाहीत हे सांगणं सोपं नाही असंही तो मोकळेपणानं म्हणतो. त्यामुळे प्लाउतुसचं नाटक मराठीत आणताना या शब्दांना सरसकट ‘देवाशप्पथ’ लावून टाकलं तर पात्राची ओळखच पुसली जाते. ‘एकास्तोर’ हा ‘इश्श’ किंवा ‘अगंबाई’च्या जातीचा शब्द आहे, ऐकताक्षणी बोलणारी बाई आहे हे कळतं. हस्तलिखितात कुठलं वाक्य कुणाच्या तोंडी आहे याचा घोळ असतो तिथेही हा पुरावा उपयोगी पडतो. ‘हेर्क्ले’ आणि ‘पोल’ मात्र इतके झिजले होते की पुष्कळदा त्यांचा अर्थ ‘खरंच’, ‘बरं का’ एवढाच उरतो. अशा ठिकाणी शपथ भाषांतरात आणूच नये.

कास्तोरचा आणखी एक शब्द आहे. ‘कास्तोर’ म्हणजे बीव्हर हा प्राणी. लॅटिनचा घरचा शब्द ‘फीबेर’ होता, पण ग्रीक शब्दानं त्याला मागे सारलं. बीव्हरच्या ग्रंथीतून निघणारं ‘कास्तोरेउम’ स्त्रियांच्या दुखण्यांवर देत, आणि कास्तोर हा वीर स्त्रियांचा तारक मानला जाई. प्राण्याचं नाव त्याच्यावरून पडलं असावं असं कोशकार त्यामुळे मानतात. एरंडेलाच्या इंग्रजी ‘कॅस्टर’ नावाचा उगमही याच औषधात असावा असा तर्क आहे.

हेर्कुलेसपासून दोन विशेषणं निघाली आणि त्यांच्यातही तत्सम-तद्भव भेद आहे. ‘हेर्कुलेउस’ हे कवींचं. होरातिउसच्या ओळीत ‘हेर्कुलेउस लाबोर’, हेर्कुलेसचे कष्ट, पाताळ फोडून जातात. ‘हेर्कुलानेउस’ हे लोकांचं. बाजारपेठेतल्या मोठ्या वेदीवर व्यापारी आपल्या नफ्याचा दशांश हेर्कुलेसला वाहत. म्हणून प्लाउतुसच्या ‘त्रुकुलेंतुस’मध्ये बाजारहाटाच्या पैशांतून स्वतःसाठी काही काढून घेणारा नोकर म्हणतो, मी ‘पार्स हेर्कुलानेआ’, हेर्कुलेसचा वाटा, काढला. व्हेसुव्हिअसखाली गाडलेल्या हेर्कुलानेउम शहराचं नावही याच विशेषणाचं.

‘नोदुस हेर्कुलानेउस’, हेर्कुलेसची गाठ, ही तर आजही प्रथमोपचारात शिकवतात. आपण तिला रीफ नॉट म्हणतो. उजवं टोक डाव्यावरून घेऊन खालून काढायचं. तेच टोक आता डावीकडे आलं, ते पुन्हा उजव्यावरून घेऊन खालून काढायचं आणि ओढायचं. नीट बसली तर दोन्ही टोकं आपापल्या दोरीला चिकटून समांतर पडतात आणि गाठ सपाट राहते. दोन्ही वेळा उजवंच टोक डाव्यावरून घेतलं तर टोकं आडवी उभी राहतात. ती ग्रॅनी नॉट. ताण आला की सरकते. रोमन ज्ञानकोशकार प्लिनी सांगतो की या गाठीनं बांधलेल्या जखमा फार लवकर भरतात. त्याला तो वीराचा प्रभाव वाटला, पण सपाट गाठ जखमेवर रुतत नाही आणि पट्टी ढिली पडत नाही, हे साधं कारण पुरेसं आहे. नवरीच्या कमरपट्ट्यालाही हीच गाठ मारत आणि ती नवरा सोडत असे. फेस्तुसच्या कोशात कारण दिलं आहे की हेर्कुलेसला ७० मुलं होती, तसं संततिसुख यालाही लाभावं.

ओडिसियसकडे येऊ. लॅटिन ‘उलिक्सेस’मधला ‘ल’ रोमनांनी घातलेला नाही. ग्रीक मडक्यांवर ‘ओलित्तेउस’ अशी ‘ल’ची रूपं लिहिलेली सापडतात, होमरच्या काव्यातलं ‘द’चं रूप हे अनेकांपैकी एक. एट्रुस्कन भाषेत हाच वीर ‘उथुझे’ आहे, म्हणजे तिथे दंत्य व्यंजन टिकलं. यावरून कळतं की लॅटिननं हे नाव एट्रुस्कनांकडून न घेता ‘ल’ बोलणाऱ्या ग्रीकांकडून घेतलं. ‘यूलिसीस’ हे दोन ‘स’चं लेखन नंतरचं.

काही शब्द मात्र या यादीत चुकून घुसतात. रोमन कवी लुक्रेतिउस पृथ्वीला ‘दाएदाला’ म्हणतो, कुशल कारागीर अशा अर्थानं. हे पुराणकथेतला कारागीर डीडलस याच्या नावावरून आलं असं चटकन वाटतं, पण ग्रीकमध्ये ‘दाइदालोस’ हे विशेषण आहेच आणि होमर सुबक घडवलेल्या वस्तूंना ‘दाइदाला’ म्हणतो. विशेषणाचं माणसाचं नाव झालं. ‘भीम’ म्हणजे भयंकर हे आधीचं, पांडव नंतरचा. त्यामुळे ‘भीमकाय’मध्ये पांडव शोधायचा की विशेषण, असा जो प्रश्न पडतो तोच इथे आहे. ‘तेलामोनेस’ही तसेच. खांबाच्या जागी छत पेलणाऱ्या पुरुषमूर्तींना रोमन हा शब्द लावत. पाँपेईच्या फोरमजवळच्या स्नानगृहात त्या मातीच्या घडवलेल्या आहेत. तेलामोन हा आयाक्सचा बाप, पण त्यानं काही पेलल्याची कथा नाही. रोमन वास्तुशास्त्रकार व्हित्रुव्हिउस स्वतःच लिहितो की या नावाचं कारण कुठल्या इतिहासात सापडत नाही, आणि ग्रीक यांना ‘आतलांतेस’ म्हणतात. ग्रीकमध्ये ‘तेलामोन’ म्हणजे ढाल-तलवार अडकवायचा पट्टा, धातूचा अर्थ पेलणं. मला शब्दच आधीचा वाटतो. नार्किस्सुसबद्दल तर प्लिनीनंच निकाल दिला आहे : फुलाचं नाव ‘नार्के’, म्हणजे गुंगी, यावरून पडलं, कथेतल्या मुलावरून नाही.

उरला अकिलीस. ‘आखिल्लेआ’ ही वनस्पती प्राचीन खरी. खिरोनचा शिष्य अकिलीस यानं ती शोधली आणि तेलेफुसची जखम तिनं बरी केली, असं प्लिनी सांगतो. टाचेची शीर, आपली घोडशीर, मात्र रोमनांनी त्याच्या नावानं कधी ओळखली नाही. अकिलीसला फक्त टाचेवरच इजा होऊ शके, ही कथा होमरमध्ये नाहीच. फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञ फिलिप व्हेरहेयेन यानं १६९३च्या ग्रंथात ‘कोर्दा आखिल्लिस’ लिहिलं, पुढे ‘तेंदो आखिल्लिस’ रूढ झालं. ‘तेंदो’ हा शब्दसुद्धा प्राचीन लॅटिनचा नाही, मध्ययुगातला आहे. लिहिताना इथे एक चूक हमखास होते : ‘तेंदो’पुढे ‘आखिल्लेस’ ही प्रथमा लावतात, हवी ‘आखिल्लिस’ ही षष्ठी. शरीरशास्त्राच्या आजच्या अधिकृत परिभाषेत तर वीर नाहीच, ‘तेंदो काल्कानेउस’ आहे.

विद्वानांच्या या नव्या लॅटिनमध्ये पक्ष्यांची सर्वांत जास्त अदलाबदल झाली. रोमन लेखक व्हार्रो शेतीवरच्या ग्रंथात मोठ्या, ठिपकेदार, पाठीला पोक असलेल्या आफ्रिकी कोंबड्यांचं वर्णन करतो आणि सांगतो की ग्रीक यांना ‘मेलेआग्रिदेस’ म्हणतात. मेलेआग्रोस वीराच्या बहिणी शोकानं पक्षी झाल्या, ती ही गिनी कोंबडी. १७५८ मध्ये प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेअसनं ‘मेलेआग्रिस’ हे नाव अमेरिकेतल्या टर्कीला दिलं, म्हणून व्हार्रोच्या ओळीत टर्की वाचणारे अजून भेटतात. दियोमेदेस या वीराचे पक्षी एड्रियाटिक समुद्रातल्या त्याच्या बेटावरचे, बहुधा शिअरवॉटर हे समुद्रपक्षी; लिनेअसनं ‘दियोमेदेआ’ केलं अल्बट्रॉसला, आणि तो पक्षी मुख्यतः दक्षिण महासागरांवर फिरणारा आहे.