पक्षाघाताच्या वॉर्डात काम सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पक्षाघाताच्या पेशंटबरोबर काम करायचं तू ठरवलंस याचा मला मनापासून आनंद आहे. आधी बोबाथ शिकू की पीएनएफ (ही दोन्ही हाताने हालचाल घडवण्याची तंत्रं), की सरळ रोबोट असलेलं सेंटर गाठू, असं विचारलं आहेस. त्या सगळ्याच्या आधी मोजायला शीक. पेशंटने आज कमजोर हाताने कोणतं काम किती वेळा केलं, किती पावलं टाकली, हा आकडा तुझ्या नोंदीत रोज असला पाहिजे. डॉक्टर औषधाचे मिलिग्रॅम लिहितात आणि आपण मात्र ‘व्यायाम दिला’ एवढंच लिहून मोकळे होतो. हे मला फार खटकतं.

अमेरिका आणि कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांमध्ये थेरपी चालू असताना शेजारी बसून हालचाली मोजल्या गेल्या. २००९ साली ते आकडे प्रसिद्ध झाले. हाताने एखादं खरं काम करण्याच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या, आणि चालण्याच्या सत्रात पावलं ३५७. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतला बदल दिसतो तो रोजच्या शेकडो हालचालींनंतर. नीट आखणी केली तर माणसाकडूनही तासाभरात ३०० च्या पुढे जाता येतं, हे नंतर दाखवलं गेलं. पण म्हणून जितकं जास्त तितकं चांगलं, असंही समजू नकोस. २०१६ मध्ये जुन्या पक्षाघाताच्या ८५ जणांना एकूण ३,२००, ६,४००, ९,६०० किंवा ज्याला जमतील तितक्या हालचाली देऊन पाहिल्या. जास्त डोसवाल्यांचा हात ठळकपणे जास्त सुधारला नाही. आकडा आणि हालचालीचा दर्जा दोन्ही लिहिल्याशिवाय या कोड्याचं उत्तर सापडणार नाही.

पहिल्या दिवसाबद्दल थोडं. ‘जितक्या लवकर उठवाल तितकं बरं’ हे वाक्य वॉर्डात सर्रास ऐकशील. २०१५ च्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत २,१०४ पेशंट होते. २४ तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात उठवलेल्या गटात ३ महिन्यांनी चांगल्या स्थितीत ४६ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ५० टक्के. याचा अर्थ पेशंटला झोपवून ठेवायचं असा नाही. नेहमीच्या गटातलेही निम्म्याहून जास्त जण पहिल्या २४ तासांतच उठले होते. त्याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवणं फायद्याचं दिसलं. तेव्हा एकदम अर्धा तास बसवण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं बसव. आधी झोपलेल्या स्थितीत रक्तदाब घे, मग बसवल्यावर ३ मिनिटांत पुन्हा घे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर थांब, आडवं कर आणि डॉक्टरांना सांग.

हातासाठी पक्षाघात झाल्यापासून ७२ तासांच्या आत दोनच गोष्टी विचार: ‘बोटं उघडा’ आणि ‘हात खांद्यातून बाजूला उचला’. २०१० मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासात या दोन्ही हालचाली थोड्या तरी जमणाऱ्यांना ६ महिन्यांनी हाताची काहीशी कामापुरती हालचाल परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही न जमणाऱ्यांना २५ टक्के. ‘काहीशी कामापुरती’ म्हणजे पूर्ण हात नव्हे. आणि २५ टक्के म्हणजे शून्यही नव्हे. ‘हात आता येणार नाही’ हे वाक्य तिसऱ्या दिवशी कुणाच्याही नातेवाइकांना ऐकवू नकोस.

सराव कसा द्यायचा ते सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. टेबलासमोर खुर्ची, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. दोन वाट्या आणि मोजून १०० हरभरे. एका वाटीतून दुसरीत टाकून झाले की मोजणी आपोआप झाली. चिमूट जमत नसेल तर कांदे घे, तेही जड गेले तर रिकामा प्लास्टिकचा पेला. पेशंट हात पुढे नेण्याऐवजी छाती पुढे ढकलतो किंवा खांदा कानाकडे उचलतो. छातीभोवती उपरणं सैलसर घेऊन खुर्चीच्या पाठीला बांध, वाटी हाताच्या टप्प्यात आण, आणि अंग पुढे आलं तर ती हालचाल मोजू नकोस. खांदा उचलला जात असेल तर वस्तूची उंची कमी कर. १० पैकी ९ सहज जमू लागल्या की अंतर वाढव. निम्म्याही जमत नसतील तर काम सोपं कर. मोजणीसाठी जपाला बोटात घालतात तो काउंटर रामकुंडाच्या आसपासच्या दुकानांत मिळतो. तो नातेवाइकाच्या बोटात घाल.

डिस्चार्जच्या वेळी कुणीतरी मुठीत दाबायचा स्माइली बॉल आणून देतोच. मुठीचे स्नायू बहुधा आधीच आवळत चाललेले असतात, कमी पडते ती बोटं उघडण्याची ताकद. चेंडू दाबण्यात वेळ गेला की नेमकी तीच हालचाल राहून जाते. दाराला टांगायच्या कप्पीबद्दल (दोरीने चांगला हात कमजोर हाताला वर ओढतो ती) तर मी कडक आहे. १९९० च्या २८ पेशंटांच्या एका छोट्या अभ्यासात कप्पी वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के जणांचा खांदा दुखू लागला, थेरपिस्टने हाताने हालचाल दिलेल्यांत ८ टक्के जणांचा. अभ्यास लहान असला तरी कारण समजण्यासारखं आहे. निखळायला आलेल्या खांद्यात हात वर ओढला जातो, पण खांद्याचं पातं सोबत फिरत नाही. कमजोर हात धरून पेशंटला उठवायचं नाही, हे घरच्या प्रत्येकाला दाखवून सांग, अगदी नातवंडांनाही.

चालण्यासाठी कॉरिडॉरमध्ये १४ मीटर जागा शोध. ०, २, १२ आणि १४ मीटरवर पट्टी चिकटव, वेळ फक्त मधल्या १० मीटरचा घे. २५ सेकंद म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. याहून हळू चालणारा सहसा घरापुरताच चालतो. साडेबारा सेकंदांच्या आत आला तर बाजारात जाण्याची आशा धर. काठी चांगल्या हातात. सपाता बंद, मागे पट्टा असलेली सँडल हवी. खुर्चीतून उठण्याचा सराव देताना चांगला पाय थोडा पुढे ठेव, म्हणजे वजन कमजोर पायावर येईल. आपल्या लोकांना जमिनीवरून उठणं आणि भारतीय शौचालय लागतं, ते शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नकोस.

आता संशोधन. ‘नातेवाइकांना शिकवलं की झालं’ असं मानणाऱ्यांनी अटेंड चाचणी वाचावी. भारतातली १४ रुग्णालयं, १,२५० पेशंट, २०१७ मध्ये निष्कर्ष. कुटुंबाने घरी पुनर्वसन केलेल्या गटात आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ६ महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन सारखंच, ४७ टक्के. माझ्या मते यातून नातेवाईक निरुपयोगी ठरत नाहीत. मात्र त्यांच्या हाती नुसती पुस्तिका आणि सूचना देऊन आपण घरी जाऊ शकत नाही, एवढं नक्की. तुझा प्रबंध इथूनच निघू शकतो: घरी प्रत्यक्षात किती हालचाली होतात, आणि आठवड्यातून एकदा फोन केला तर त्या वाढतात का?

एकाच गटाची आधीची आणि नंतरची तुलना करू नकोस. पहिल्या ३ महिन्यांत बरेच जण आपसूक सुधारतात आणि ते श्रेय तुझ्या तंत्राला जातं. दोन गट घे, आणि मोजमाप करणाऱ्याला पेशंट कोणत्या गटातला ते कळू देऊ नकोस. सीटीआरआयमध्ये, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी तिथे चालत नाही.

वेळापत्रक मात्र नाशिकचं धर. नोव्हेंबरात घेतलेल्या पेशंटची ९० दिवसांची तपासणी फेब्रुवारीत येते, तेव्हा निफाड-दिंडोरीत द्राक्षाची तोडणी चालू असते आणि त्याला आणायला घरात माणूस मोकळा नसतो. मग परत येतात ते बहुतेक शहरातले, सिडको-इंदिरानगरचे, आणि तुझा निष्कर्ष त्यांच्यापुरताच उरतो. ९० दिवस अधिक-उणे ७ अशी मुदत प्रोटोकॉलमध्ये आधीच लिही. बार्थेल इंडेक्स (रोजची कामं स्वतः किती जमतात याचे गुण) फोनवर विचारता येतो, चालण्याचा वेग नाही. त्यामुळे लांबच्या पेठ-सुरगाण्याच्या पेशंटांसाठी एसटीचं भाडं बजेटमध्ये धर. २०२७ चा सिंहस्थ तुझ्या तारखांत येत असेल तर पर्वणीच्या दिवसांना कुणाला बोलावू नकोस.

‘नेहमीची फिजिओथेरपी’ असे दोन शब्द लिहून कंट्रोल गट, म्हणजे तुलनेचा गट, सोडून देऊ नकोस. त्यांच्याही हालचाली त्याच पद्धतीने मोज, नाहीतर तुलना कशाशी केली तेच वाचणाऱ्याला कळणार नाही. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) म्हसरूळला विद्यापीठात जाण्याआधी नोंदवहीचा कोरा नमुना आणि किती पेशंट लागतील याचं गणित, दोन्ही मला पाठव.

तुझा,
सर