दोन डझन, २४ आकडे आणि अडीअडचणीचे ६०,०००

प्रश्न: अडीअडचणीसाठी ठेवलेले माझे ६०,००० नुसते पडून आहेत. रुलेटमध्ये (० ते ३६ आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी कुठे पडेल याची पैज) दोन डझनांवर, म्हणजे बारा-बारा आकड्यांच्या दोन गटांवर, १,०००-१,००० लावले की ३७ पैकी २४ आकडे माझे होतात. जिंकलो की १,००० घेऊन उठायचं, हरलो तर पुढच्या डावात रक्कम तिप्पट करायची. महिन्यातले २३ दिवस असं केलं तर २३,००० सुटतील. एकाच आकड्यावर खेळण्यापेक्षा हे सुरक्षित आहे ना? आणि घरी सांगावं का?

उत्तर: २४ आकडे तुमचे होतात हे खरं. १०० पैकी साधारण ६५ वेळा तुम्ही जिंकाल, हेही खरं. पण जिंकलात तर १,००० येतात आणि हरलात तर २,००० जातात. एक हार दोन विजय गिळते, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही.

आधी पैजांचे प्रकार. एका आकड्यावर चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) ठेवली तर ३५ पट मिळतात. दोन शेजारच्या आकड्यांमधल्या रेषेवर, म्हणजे स्प्लिटवर, १७ पट. तीन आकड्यांच्या स्ट्रीटवर ११, चार आकडे जिथे भेटतात त्या कॉर्नरवर ८, सहा आकड्यांवर ५, डझन किंवा कॉलमवर (उभ्या ओळीतल्या बारा आकड्यांवर) २. लाल-काळा, सम-विषम आणि लहान-मोठे आकडे यांवर लावलं तेवढंच. लावलेली रक्कम जिंकल्यावर परत मिळते ती वेगळी.

आता कागदावर एक करून बघा. ० धरून सगळ्या ३७ आकड्यांवर १००-१०० ठेवा. ३,७०० गेले. गोळी कुठल्याही खणात पडो, ३५ पटीचे ३,५०० आणि तुमचे १०० मिळून ३,६०० परत येतात. हरण्याचा प्रश्नच नव्हता, तरी १०० गेले. हिशेब ३६ आकड्यांचा आणि चाकावर खण ३७, यातच कॅसिनोचं पोट भरतं. हा २.७० टक्के कट आकडा, स्प्लिट, कॉर्नर, डझन, सगळ्यांना सारखाच लागतो. त्यामुळे ‘सुरक्षित पैज कोणती’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. पैज बदलली की पैसे जाण्याची चाल बदलते. एका आकड्यावर १०० डाव खेळूनही तो आकडा एकदाही न येण्याची शक्यता साडेसहा टक्क्यांच्या आसपास असते; डझनांवर छोटे छोटे विजय येत राहतात आणि मग एकदम मोठा खड्डा पडतो.

तुमच्या योजनेतला तो खड्डा मोजू. पहिल्या डावात २,००० गेले. तिप्पट केल्यावर ६,००० गेले. पुन्हा तिप्पट, १८,००० गेले. एकूण २६,०००. चौथ्या डावाला ५४,००० हवेत आणि तुमच्याकडे उरलेत ३४,०००. खेळ तिथेच संपला. (शिवाय टेबलाला कमाल पैजेची मर्यादा असते, ती त्याआधीही आडवी येऊ शकते.) सलग तीन हारींची शक्यता ४.३ टक्के, म्हणजे साधारण २३ दिवसांत एकदा. नेमके तुमचे २३ दिवस! ते सगळे सुखरूप पार पडण्याची शक्यता ३६ टक्के. हिशेबाने रोजचे सरासरी १७१ तुमच्या खिशातून जातात.

‘इतक्या वेळा हरलो, आता तरी येईलच’ असं वाटेल. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत एका टेबलावर सलग २६ वेळा काळा आला. लोक लालवर रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. गोळीला मागचं काही आठवत नाही.

माझ्याकडे येणारी माणसं वर्षाला २ टक्के खर्च कापणाऱ्या फंडावर कुरकुर करतात, आणि ते योग्यच आहे. इथे २.७० टक्के दर डावाला कापले जातात, तेही लावलेल्या प्रत्येक चिपेवर. तासाला ४० डाव, दर डावाला २,००० धरले तर उलाढाल ८०,००० ची होते आणि सरासरी २,१६० च्या आसपास जातात. खिशात किती घेऊन गेलात याच्याशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा ६०,००० ना हात लावू नका. ते ‘पडून’ नाहीत. दवाखान्याच्या बिलाला किंवा नोकरी गेल्याच्या महिन्याला ते उभे आहेत. पडून असल्याचं खटकत असेल तर लगेच काढता येतील अशा ठेवीत ठेवा.

खेळायचंच असेल, आणि तुमच्या भागात कायद्याने चालत असेल, तर सहलीच्या किंवा सिनेमाच्या खर्चातून घ्या. मग मात्र पैजेपेक्षा टेबल बघून बसा. ० आणि ०० असे दोन्ही खण असलेल्या चाकावर कट ५.२६ टक्के होतो, आणि तिथली ०, ००, १, २, ३ ही पाच आकड्यांची पैज तर ७.८९ टक्के खाते. तिच्या वाटेला जाऊच नका. एकाच शून्याच्या काही टेबलांवर ० आला तर लाल-काळासारख्या पैजांची निम्मी रक्कम परत देतात. त्याला ला पार्ताज म्हणतात आणि तिथे कट १.३५ टक्क्यांवर येतो. डझनांना ती सवलत नाही.

घरी सांगावं का? सांगा. फक्त २६,००० चा आकडा आधी सांगा, १,००० चा नंतर.