समोरची बाई रडत होती आणि मी फॉर्म भरत होते

ताई, नमस्कार.

मी कुटुंब आणि बालसंरक्षणाच्या कामात सोशल वर्कर आहे. आठ वर्षं झाली. मागे एका बाईकडे गृहभेटीला गेले होते. ती मारहाणीबद्दल सांगत होती, रडत होती आणि मी मान खाली घालून फॉर्म भरत होते. मध्येच तिला म्हणाले, "पुढचा प्रश्न विचारू का?" बाहेर पडल्यावर लक्षात आलं, मला काहीच वाटलं नव्हतं. दुसरीकडे एका मुलाचा चेहरा रात्री झोपू देत नाही. त्याच्यासाठी निवारागृहात जागा मागितली होती, मिळाली नाही आणि त्याला त्याच घरी परत पाठवावं लागलं. सुपरवायझर दर आठवड्याला भेटतात, पण किती केस बंद झाल्या एवढंच विचारतात. ऑफिसने ताणमुक्तीचं एक सत्र ठेवलं होतं, त्यात मी मागे बसून अहवाल पूर्ण केला. घरी कोणी काही विचारलं तर अंगावर जाते. आई म्हणते, या कामासाठी तू फार हळवी आहेस. मला वाटतं, मी निबर झाले आहे. काम सोडू का?

– फायलींखाली दबलेली

मैत्रिणी,

तू आणि आई अगदी उलट बोलताय, पण दोघीही दोष तुझ्यातच शोधताय. मला तुझ्या पत्रात हळवी बाईही दिसली नाही आणि निबर तर नाहीच. घराबाहेर पाऊल टाकताच जिला स्वतःचं वागणं खटकलं, ती निबर कशी असेल? मला दिसली ती एक कामाची कार्यकर्ती, जिच्यावर केसेस भाराभर आहेत आणि जिच्याशी त्यांबद्दल बोलायला कोणी नाही. सोडू का, या प्रश्नाकडे येतेच. पण आधी त्या मुलाबद्दल बोलू, कारण ते थांबू शकत नाही.

त्याचं पुढे काय झालं, हे तू लिहिलेलं नाहीस. परत गेल्यावर त्याला कोणी भेटलं का? त्या घरात त्याची बाजू घेणारं एक तरी मोठं माणूस आहे का? भीती वाटली तर कोणाकडे जायचं, कोणाला सांगायचं, हे त्याच्याशी कोणी बोललं आहे का? याची उत्तरं तुझ्याकडे नसतील, तर उद्या कामावर गेल्यावर सगळ्यात आधी ही केस सुपरवायझरसमोर ठेव. तोंडी नको, लेखी ठेव. जागा कधी मागितली, कोणत्या कारणाने नाकारली, घरात आज कोणता धोका आहे आणि तुझ्या मते काय व्हायला हवं, एवढं एका पानात मावतं. धोका तातडीचा वाटत असेल तर बालसंरक्षणाचे अधिकार ज्या यंत्रणेकडे आहेत तिला त्याच दिवशी कळव, आठवड्याच्या बैठकीची वाट पाहू नकोस. रात्री दिसणारे चेहरे पुष्कळदा अशाच केसेसमधले असतात, ज्यात आपलं काहीतरी करायचं राहिलं आहे असं मनाला वाटत असतं. मुलापर्यंत कोणीतरी पोचलं की तुझी झोप लगेच परत येईल असं मी म्हणत नाही, पण झोपेचा विचार त्यानंतरचा.

आता तुझ्याबद्दल. तू सगळ्याला मिळून 'मी निबर झाले' एवढंच म्हणतेस, पण मला त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. त्या बाईसमोर जे झालं त्याला बर्नआउट म्हणतात. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर लिहिलं. ज्या मोफत दवाखान्यात तो स्वतः काम करायचा, तिथले झोकून देऊन काम करणारे स्वयंसेवक त्याच्या डोळ्यांदेखत विझत चालले होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यात भावनिक थकवा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना यांच्याबरोबर आणखी एक लक्षण आहे. समोरच्या माणसाशी नातंच तुटतं, तो माणूस न राहता एक काम होऊन बसतो. 'पुढचा प्रश्न विचारू का' हे नेमकं तेच. मनाने स्वतःला वाचवण्यासाठी दार लावून घेतलं. तुझा स्वभाव बदलला, असा त्याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली तीही आजार म्हणून केलेली नाही. दीर्घकाळ चाललेला आणि नीट हाताळला न गेलेला कामाच्या ठिकाणचा ताण, अशी त्याची व्याख्या आहे. त्यातलं 'कामाच्या ठिकाणचा' एवढं आईला जरूर वाचून दाखव.

दुसरी गोष्ट अशी, की इतरांचं दुःख ऐकून ऐकून आपल्यालाही त्याची चित्रं दिसू लागतात, झोप उडते, दचकायला होतं, काही घरांकडे पाऊल टाकायला नको वाटतं. ही दुय्यम आघाताची लक्षणं. ती महिनाभराहून जास्त टिकली असतील, तर ऑफिसशी संबंध नसलेल्या मानसशास्त्रज्ञाला किंवा डॉक्टरांना भेट. इतरांना तू हेच सांगतेस ना? तोच सल्ला स्वतःसाठी मान.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. त्या मुलासाठी काय योग्य आहे, हे तुला पक्कं माहीत होतं आणि ते करता आलं नाही. नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नर्सेसबद्दल लिहिताना याला नैतिक क्लेश म्हटलं. योग्य काय ते कळतं, पण संस्थेच्या अडचणींमुळे तसं वागणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं. हे दुखणं सुट्टीने जात नाही. विश्रांती घेऊन परत आलीस तरी निवारागृहात जागा नसतेच. यावर मला माहीत असलेला उपाय एकच, जे मिळालं नाही त्याची नोंद. आपण फाइलमध्ये काय दिलं ते लिहितो, काय देता आलं नाही ते लिहीत नाही. मग वरच्यांच्या कागदावर सगळं सुरळीत दिसतं आणि तुटवड्याचा सगळा भार कार्यकर्तीच्या मनावर राहतो. तू तसं होऊ देऊ नकोस. प्रत्येक केसमध्ये 'गरज होती, मिळालं नाही' अशी ओळ तारखेनिशी लिही. टीममधल्या बाकीच्यांनाही लिहायला सांग. काही महिन्यांनी त्या ओळी एकत्र केल्या की जागा वाढवून मागायला हातात पुरावा असेल. समाजकार्यात पाठपुरावा म्हणतात तो इथूनच सुरू होतो, आणि दोष आपला नव्हता हे मनालाही अशा कागदावरूनच पटतं.

सुपरव्हिजनबद्दल तू जे लिहिलंस त्याने मला राग आला. समाजकार्याचे प्राध्यापक अल्फ्रेड कदुशिन यांनी 1970 च्या दशकात समाजकार्यातल्या सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: कारभार पाहणं, शिकवणं आणि आधार देणं. तुला मिळतं ते फक्त पहिलं, आणि त्यातलंही मोजणीपुरतंच. पण सुपरवायझर वाईट असतील असं मी धरून चालत नाही. त्यांच्याही वर कोणीतरी आकडेच विचारत असेल. म्हणून 'मला आधार हवा' असं मोघम मागू नकोस, ते ऐकणाऱ्याला काय करावं हेच कळत नाही. पुढच्या भेटीत म्हण, "आज वीस मिनिटं फक्त एका केसवर बोलायचंय. निर्णय एकटीने घेणं मला धोक्याचं वाटतं. तुमचं मत आणि आपलं ठरलेलं दोन्ही फाइलमध्ये लिहू या." धोक्याचा निर्णय दोघांच्या सहीने झाला की त्याचं ओझं रात्री एकटीच्या उशाशी येत नाही. शिवाय निर्णयही चांगले होतात. एकटं, दमलेलं माणूस पहिल्याच अंदाजाला चिकटून बसतं. दुसऱ्याने 'कशावरून?' असं विचारलं की तो अंदाज तपासला जातो.

त्याच भेटीला कामाचा हिशोब घेऊन जा. किती केसेस आहेत हे सांगून फारसं काही साधत नाही, कारण एक केस महिन्यातून एका फोनवर निभावते आणि दुसरी अख्खा आठवडा खाते. एक आठवडा लिहून ठेव. कोणत्या केसला गृहभेटीचे किती तास गेले, प्रवासाचे किती, लेखनाचे किती, बैठकांचे किती. बेरीज कामाच्या तासांपेक्षा जास्त आली तर विचार, "यातलं या महिन्यात कोणतं करायचं नाही?" हा प्रश्न विचारणं तुझं काम आहे, उत्तर देणं त्यांचं. जादा तास गुपचूप भरून काढत राहिलीस तर त्या कामाला माणूस कमी पडतंय हे कोणाला कधी कळणारच नाही.

आता फॉर्म. तो टळणार नाही, हे मला माहीत आहे. इंग्लंडमध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांनी बालसंरक्षण व्यवस्थेचा आढावा घेतला, त्याचा अंतिम अहवाल 2011 मध्ये आला. नियमपूर्तीत कार्यकर्त्यांचा एवढा वेळ जातो की मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी तो उरत नाही, हे त्यात स्पष्ट मांडलेलं होतं. तेव्हा हे तुझ्या एकटीचं नाही. पण फॉर्म कधी काढायचा हे पुष्कळदा आपल्या हातात असतं. भेटीची सुरुवात रिकाम्या हाताने कर. पेन बॅगेत राहू दे. "आज कसं चाललंय?" एवढं विचार आणि ती थांबेपर्यंत बोलू दे. मग सांग, "तुम्ही सांगितलेलं मला लिहून ठेवावं लागेल, आपण मिळून लिहू." आणि लिहिलेलं तिला वाचून दाखव. चुकलेलं असेल तर ती दुरुस्त करते, आणि आपलं ऐकून घेतलं गेलं हे तिला त्या वाचण्यातूनच कळतं. यात वेळ फार जास्त जात नाही. अर्धवट ऐकून भरलेल्या फॉर्मसाठी पुन्हा फोन करावे लागतात, त्यात तो नाहीतरी जातोच.

नोंदी लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेव: मी काय पाहिलं, तिने काय सांगितलं आणि मला काय वाटतं. 'आई निष्काळजी' असं लिहू नकोस. 'बाळ ओल्या कपड्यात होतं, आई म्हणाली की ती कालपासून झोपलेली नाही' असं लिही. आपण कंटाळलेले असलो की शेरे लवकर सुचतात, ही पद्धत त्यांना आवर घालते. आणि नोंद त्याच दिवशी, घरी जायच्या आधी लिही. कागदावर उतरलेलं डोक्यात कमी घोळतं.

दोन जड गृहभेटी लागोपाठ ठेवू नकोस. मध्ये थोडं चाल, कोणाशीही बोलू नकोस, फोन तर अजिबात नको. कामाचे तास संपल्यावर तातडीचे फोन कोणाकडे जातील याची पाळी ऑफिसने ठरवायला हवी. तशी नसेल तर ती मागणी टीमने मिळून करा. घरी मात्र एक वाक्य आधीच सांगून ठेव: "मी आल्यावर अर्धा तास मला काही विचारू नका, मग मी तुमचीच आहे." केसबद्दल घरी बोलता येत नाही हे खरंच, पण 'आजचा दिवस जड गेला' एवढं सांगायला गोपनीयता आड येत नाही. न सांगता चिडलीस की त्यांना वाटतं, आपलंच काही चुकलं.

त्या ताणमुक्ती सत्राबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. श्वासाचे व्यायाम चांगलेच असतात. पण ज्या दिवशी अहवालाची मुदत संपते त्याच दिवशी सत्र ठेवायचं आणि मुदत जागची हलवायची नाही, यात कार्यकर्त्यांची काळजी कुठे आली? स्वतःची व्यावसायिक आणि व्यक्तिगत काळजी घेणं हे समाजकार्यकर्त्याचं कर्तव्यच आहे, असं आंतरराष्ट्रीय समाजकार्यकर्ता महासंघाच्या 2018 च्या नीतितत्त्वांत म्हटलं आहे. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये आपल्या आचारसंहितेत स्वतःच्या काळजीचा उल्लेख घातला आणि त्यासाठी संस्थांनी धोरणं आखावीत, असंही त्यात म्हटलं. तुझ्यावर कर्तव्य असेल तर त्यासाठी लागणारा वेळ देणं संस्थेकडे येतं. हे बैठकीत सौम्यपणे, पण म्हणून दाखव.

काम सोडू का? आत्ता, अशा दमलेल्या अवस्थेत ठरवू नकोस. शिल्लक असलेली रजा घे, आणि जाताना फायली नीट दुसऱ्याच्या हाती दे, म्हणजे रजेत फोन येणार नाहीत. परत आल्यावर वर सांगितलेल्या मागण्या लेखी कर आणि त्यांना दोनेक महिने दे. केसेसची वाटणी बदलली, एका केसवर नीट बोलायला वेळ मिळू लागला, तर तुझं उत्तर तुलाच सापडेल. काहीच हललं नाही तर हे ऑफिस सोड, आणि त्यात कोणाचीही फसवणूक नाही. कुटुंबांना तू म्हणजे संपूर्ण यंत्रणा वाटत असशील, पण ती यंत्रणा तू नाहीस. जायचं ठरलं तर प्रत्येक कुटुंबाला स्वतः भेटून सांग, नव्या कार्यकर्तीची ओळख करून दे, आणि त्या मुलाची फाइल सगळ्यात आधी, समोर बसून समजावून दे.

मागण्यांचं पत्र लिहिताना भाषा साधी ठेव, तक्रारीचा सूर नको. तीनच गोष्टी माग: आठवड्याला एका केसवर चर्चा, तासांच्या हिशोबाने केसेसची फेरवाटणी आणि न भागलेल्या गरजांची नोंद ठेवण्याची परवानगी. शक्य असेल तर टीममधल्या दोघातिघांच्या सह्या घे. एक प्रत स्वतःकडे ठेव. काय उत्तर आलं ते मला कळव.

तुझी,
ताई